बाबांची दोन सेलची बॅटरी

नमस्कार मंडळी. हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं आहे, गव्हाला पाणी द्यायचं आहे, आणि कितीतरी गावांत थ्री फेज लाईन रात्रीचीच आहे. कानाला मफलर गुंडाळून अकरा वाजता विहिरीकडं निघणारे तुम्ही लोक, आज तुमच्या हातातल्या बॅटरीबद्दल बोलतो. बॅटरी म्हणजे आपला टॉर्च. साधा, दोन सेलचा, पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा. उजेड पुरत नाही म्हणून तो टाकून देऊ नका. त्याचा बल्ब बदला.

माझं मोटारी भरायचं दुकान आहे. हिवाळा लागला की जळालेल्या मोटारींसोबत मंद पडलेल्या बॅटऱ्याही येतात. हे काम मला लहान वाटत नाही, कारण अंधारात पाय कुठं पडतो ते त्या उजेडावर ठरतं. मण्यार पाहा. काळीभोर, अंगावर बारीक पांढरे पट्टे, आणि हिंडते रात्रीच. आपल्या काळ्या मातीत, ओल्या धुऱ्यावर, पिवळ्या मिणमिणत्या उजेडात ती पाण्याच्या पाईपासारखी दिसते. पट्टे दिसले तरच माणूस थांबतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. चांगला उजेड ही आपल्यासाठी चैन नाही.

आता बल्बकडे येऊ. जुन्या बल्बमध्ये केसासारखी बारीक तार असते. वीज त्या तारेला तापवते, तार लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. पण सेलमधली बहुतेक ताकद उष्णतेतच जाते. एलईडीत तार नसते. आतली बारीक चकती निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्याचा पांढरा प्रकाश करतो. निळा एलईडी साधला म्हणून तीन शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की तेवढ्याच सेलवर एलईडी कितीतरी पट जास्त उजेड देतो.

जुन्या बॅटरीत बसतील असे तयार एलईडी बल्ब मिळतात. आधी आपला बल्ब काढून पाहा. काहींना खाली आटे असतात, काहींना गळ्याभोवती पत्र्याची कॉलर असते. तो बल्ब खिशात घालूनच दुकानात जा, तोंडी वर्णन करू नका. दुसरं, सेल मोजा. एक सेल दीड व्होल्टचा, दोन म्हणजे तीन, तीन म्हणजे साडेचार. एकदा घाईत मी तीन सेलच्या बॅटरीत दोन सेलचा बल्ब बसवून दिला. दुकानात तो लखलखला. घेऊन जाणारा माणूस वावरात पोचेपर्यंत टिकला, आणि पांदणीत उडाला. त्या रात्री तो काळोखात चाचपडत घरी आला. चूक माझी होती. तेव्हापासून सेल मोजल्याशिवाय मी बल्बला हात लावत नाही.

दोन सेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. नवे सेल तेवढे देतात, पण थोडे वापरले की दोघांचे मिळून अडीचवर येतात. मग साधा एलईडी मलूल होतो, सेलमध्ये दम शिल्लक असूनही. चांगल्या बल्बच्या बुडात व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. ते आहे की नाही हे ओळखायचं कसं? दुकानात नवे सेल नेऊ नका, घरचे अर्धे वापरलेले सेल न्या. त्यांच्यावर जो बल्ब नीट पेटेल तो घ्या. आणि पेटलाच नाही तर लगेच खराब म्हणू नका. एलईडीला उलटसुलट चालत नाही, तर सेल फिरवून लावून पाहा.

पण खर्च करायच्या आधी बॅटरी उघडा. मागच्या टोपणातली स्प्रिंग, सेलची टोकं, बटणाची पत्ती, यांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल तर उजेड तिथंच अडतो. काचपेपरनं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा. पुष्कळदा एवढ्यानंच जुना बल्बही पुन्हा उजळतो. जुना आणि नवा सेल जोडीनं घालू नका. ओलिताचा हंगाम संपला की सेल काढून ठेवा. साध्या सेलचं जस्ताचं डबडं आतून झिजत जातं आणि पाझरलं की सगळी बॅटरी खातं.

एक मात्र मोकळेपणानं सांगतो. एलईडी बसवला की झोताचा आकार बदलतो. जुनी तार चारी बाजूंना उजेड फेकायची, आणि मागचा चकचकीत वाटीसारखा आरसा तो गोळा करून लांब टाकायचा. बरेच एलईडी समोरच उजेड टाकतात, आरशाला काम उरत नाही. पायाशी रुंद, छान उजेड पडतो, पण दूरचं रानडुक्कर दिसत नाही. घेण्याआधी दुकानाबाहेरच्या भिंतीवर झोत टाकून पाहा. धुऱ्यावरून चालायला रुंद उजेड मला बरा वाटतो. जागलीला मचाणावर बसणाऱ्यानं मात्र लांब जाणारा झोतच निवडावा.

माझ्याकडे बाबांची पत्र्याची बॅटरी आहे. रंग उडालाय, बटण मी दोनदा बदललं. तिच्यात एलईडी बसवून मी अजूनही रात्री वावरात जातो. मागच्या टोपणात, स्प्रिंगच्या आत, जादा बल्ब ठेवायची जागा आहे. आपल्याच वावरातल्या कापसाच्या बोळ्यात गुंडाळून बाबांनी तिथं ठेवलेला तारेचा बल्ब अजून तसाच आहे. परवा लावून पाहिला. पेटतो. पुन्हा कापसात गुंडाळून ठेवून दिला.