तांदूळ निवडताना

[दृश्य: पडवी. सूप. फक्त हात.]

चेहरा दिसणार नाही. नाव नाही, गावही नाही. खानापूर तालुका, एवढंच सांगतो.

सुपात बेळगाव बासमती आहे. शिजायला लागला की वास तिसऱ्या घरी जातो, तो हा तांदूळ. बाई पन्नाशी ओलांडलेल्या. निवडता निवडता त्या एका मैत्रिणीबद्दल बोलत होत्या. दोघी एका बांधावरच्या. भाताच्या रोपलागणीला एका ओळीत उभ्या राहायच्या, पाऊस लागला की एकाच इरल्याखाली. मग एक चंदगडकडं दिली, एक इथंच राहिली. "तिच्याबिगर मला कोण कधी आवडलंच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि सूप पाखडलं.

आम्ही शहरातून गेलेलो. आम्हाला प्रश्न सुचला तो असा: हे तुम्ही ठरवलं होतं, की आपोआप झालं?

त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "ठरवून? माझं लगीन तरी मला इचारून ठरलं हुतं काय गे?"

(हे 'गे' आमच्या बेळगाव भागातलं. बायका एकमेकींना अशीच हाक मारतात. पुण्याहून आलेला आमचा कॅमेरामन पहिल्या दिवशी दचकला होता.)

[दृश्य: भातशेतीचे बांध, पाटाचं पाणी.]

मन बाईकडं ओढतं की पुरुषाकडं, याला मराठीत 'लैंगिक कल' म्हणतात. निवडणुकीच्या दिवशी टीव्हीवर येतात तेही कलच, पण हा कल तसा दर तासाला बदलणारा नव्हे. हा जमिनीचा कल. पाणी कुणीकडं वाहणार ते पाण्याला कुणी विचारत नाही.

तो येतो कुठून? थोडक्यात सांगायचं तर, एका कुठल्या गोष्टीतून नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी असण्याचं एक असं जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे, पण रक्त तपासून कुणाचा कल सांगता येत नाही. आणि तो मंत्रानं, मारानं किंवा गोळ्यांनी बदलतो याला काही पुरावा नाही. लिंबू उतरवणाऱ्यांनी आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी, दोघांनीही हे ऐकावं.

विज्ञानाचं इथवर. 'ठरवलं की आपोआप झालं' याचं भांडण खरं पेटलं ते बायकांच्या चळवळीत.

१९७९ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या क्रांतिकारी स्त्रीवादी गटानं एक टिपण मांडलं. त्यांचं म्हणणं असं की पुरुषांशी शरीरसंबंध हाच बाईच्या गुलामीचा पाया, म्हणून स्त्रीवादी बाईनं तो सोडावा. दुसऱ्या बाईशी संबंध ठेवलाच पाहिजे असं नाही, पुरुष मात्र नको. म्हणजे कल हा राजकीय निर्णय झाला. यावर संसारी बायका चिडल्याच, पण ज्या आधीपासून बायकांवर प्रेम करत होत्या त्यांनाही हे झोंबलं. त्यांचं काळजातलं दुखणं कुणीतरी ठरावाच्या कागदावर उतरवून टाकलं होतं. मला विचाराल तर त्यांचा राग बरोबर होता.

पण पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांनी प्रश्नच उलटा फिरवला. बाईवर प्रेम करणारीलाच का विचारता, 'असं कसं झालं?' पुरुषाशी संसार ही गोष्ट जर इतकी नैसर्गिक आहे, तर तिच्यासाठी एवढी जबरदस्ती कशाला लागते? लग्न, पैसा, बदनामीची भीती, मारझोड, आणि प्रेमाच्या गोड गोष्टीसुद्धा. एवढा बंदोबस्त असताना 'तिनं निवडलं' असं म्हणायचं कुठल्या तोंडानं?

पडवीवरच्या बाईंनी रिच वाचलेल्या नाहीत.

[दृश्य: सुपाचा आवाज, मग शांतता.]

२०१२ मध्ये अमेरिकन अभिनेत्री सिंथिया निक्सन यांनी आपल्यापुरतं सांगितलं की समलिंगी असणं ही माझी निवड आहे. समलिंगी चळवळीतलेच लोक उसळले. त्यांची भीती खोटी नव्हती: 'निवड' म्हटलं की समोरचा लगेच म्हणणार, मग दुसरं निवडा! शेवटी त्यांना खुलासा करावा लागला, की दोघांकडे ओढ असणं ही माझी निवड नाही, पण बाईबरोबर राहणं ही आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी काही बायकांशी दहा वर्षं बोलून पाहिलं. अनेकींची ओढ काळाबरोबर सरकली होती. सरकली, म्हणजे त्यांनी ठरवून सरकवली असं मात्र नव्हे. एवढा साधा फरक वादात कुणी ऐकून घेत नाही.

आपल्याकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं संमतीचं नातं वगळलं. कल नैसर्गिक आहे असं म्हटलं, आणि जोडीदार निवडायचं स्वातंत्र्यही त्याच निकालात मानलं. दोन्ही एकदम. हे मला पटतं. कारण 'आम्ही जन्मतःच असे, आमचा काय दोष?' या वाक्यात दोष आहे असं आधीच कबूल केलेलं असतं. धर्म तर बदलता येतो, तरी धर्मावरून छळायची कुणाला मुभा नाही. आणि बेळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मायबोली कुणी निवडून येत नाही, पण १९५६ ला हा भाग कानडी राज्यात गेल्यापासून ती सोडायची नाही हे इथं रोज निवडावं लागतं. त्यातलं जन्माचं किती आणि जिद्दीचं किती, हे कोण वेगळं काढणार?

[दृश्य: सौंदत्ती. यल्लम्माचा डोंगर. भंडारा.]

या मुलखाचं स्वतःचं एक उत्तरही आहे. केसांत जट आली की आईनं मागितलं म्हणायचं. पुरुष लुगडं नेसून जोगप्पा झाला की 'देवीनं धरलं'. बाई की पुरुष हा प्रश्न वेगळा आणि कल वेगळा, त्यांची सरमिसळ नको. पण युक्ती तीच: माझं काही नाही, वरून आलंय. त्या आडोशानं जोगप्पाला डोंगरावर जागा मिळाली. त्याच देवीच्या नावानं पोरीही सोडल्या गेल्या, आणि १९८२ मध्ये कर्नाटकाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पोरींना तरी कुणी विचारलं होतं?

दोन बायकांच्या प्रेमाला मात्र देवीचा आडोसाही नाही. पोरी पळाल्या की घरचे अपहरणाची तक्रार देतात. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं अशा दोन तरुणींना एकत्र राहू दिलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क नाकारला, पण तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं की समलिंगी असणं हे शहरी श्रीमंतांचं खूळ नव्हे, शेतात राबणारी बाईसुद्धा अशी असू शकते.

ते वाक्य आम्ही बाईंना मराठीत सांगितलं. त्या हसल्या. "त्यास्नी कुणी सांगितलं?"

[दृश्य: पुन्हा हात. तांदूळ पिशवीत भरला जातो.]

हा तांदूळ घरात शिजणार नाही. माघी पुनवेला ट्रॅक्टर डोंगराला निघतो. चंदगडकडचाही एक ट्रॅक्टर येतो. डोंगराजवळच्या जोगुळभावीच्या कुंडात आंघोळ झाली की दोघी परड्या भरतात आणि ट्रॉलीच्या सावलीत एका ताटात जेवतात. नवरे पलीकडं पान खात बसलेले असतात.

"किती वर्षं?" आम्ही विचारलं.

"मोजलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं. "तिला ह्यो तांदूळ आवडतोय."