सावड

श्रोतेहो, नमस्कार.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू गावातलं. पेरणीच्या दिवसांत तिथे एक शब्द रोज कानावर पडायचा, सावड. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. आज दोन्ही बैल तुझ्या रानात, उद्या माझ्या. कुणी कुणाचे आभार मानत नसे. हिशोब तोंडी असे आणि तो चुकत नसे. लग्न, पुणे, एम.ए., प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा या सगळ्या धांदलीत हा शब्द मी विसरूनही गेले होते. तो परत आठवला तेव्हा मी पीएच.डी. करत होते आणि माझी मुलगी सात महिन्यांची होती.

त्या दिवशी माझी आरएसी होती. म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी बसायचं आणि काम किती पुढे सरकलं ते सांगायचं. सासूबाई गावी होत्या, नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि सकाळी साडेआठला मुलीला सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला, "ताई, अंगात ताप आहे, आज जमायचं नाही." मी मुलीला घेऊनच विभागात गेले. तिला पाजायला जागा शोधत होते, तेव्हा जुने प्रबंध ठेवायची खोली तेवढी रिकामी सापडली. धूळ, बंद खिडकी, कडी नसलेलं दार. दाराला पाठ लावून मी तिला पाजलं.

बाहेर आले तर शेजारच्या विभागातली एक संशोधक उभी होती. ओळख म्हणाल तर ग्रंथालयाच्या रांगेत कधी हसण्यापुरती. तिने हात पुढे केले. "द्या इकडे. माझा चार वर्षांचा आहे, मला सवय आहे." पुढची चाळीस मिनिटं ती माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिली. मी आभार मानू लागले तर म्हणाली, "ते राहू द्या. पुढच्या गुरुवारी माझं प्रेझेंटेशन आहे, तेव्हा तुम्ही या."

श्रोतेहो, हीच ती सावड.

वर्षभरात आम्ही पाचजण झालो. चार आया आणि एक बाप. विषय वेगवेगळे, गाइड वेगवेगळे, मुलांची वयं आठ महिने ते सहा वर्षं. दर शनिवारी दुपारी दोन ते सहा कुणाच्या तरी घरी जमायचं. दोघांनी मुलं सांभाळायची, तिघांनी आतल्या खोलीत लिहायचं. पुढच्या शनिवारी पाळी बदलायची. ज्याचं घर त्याने चहापलीकडे काही करायचं नाही, कारण पाहुणचार सुरू झाला की घरच्या बाईचा शनिवार स्वयंपाकघरात जातो. मुलाचा डबा आणि कपड्यांचा जादा जोड ज्याने त्याने आणायचा. नाक वाहतंय त्याने त्या आठवड्यात घरी राहायचं. आणि एक अट, जी पाळताना मी दोनदा रडले. आपलं मूल बाहेर रडत असलं तरी बाहेरच्यांनी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही.

ही अट का घातली, ते सांगते. आईला लिहायला वेळ मिळतो तेव्हाही तिचा कान दाराकडेच असतो. वाक्य अर्धं होतं आणि ती उठते, मग परत येते तेव्हा ते वाक्य गेलेलं असतं. चार तास बसून पान भरत नाही, आणि ती स्वतःला म्हणते, आपल्याच डोक्यात आता काही उरलं नाही. मी हे महिनोनमहिने स्वतःला म्हटलं आहे. डोकं होतं तिथेच होतं. कान मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर सोडावा लागतो, आणि तो भरवसा ज्याने स्वतः कडेवर मूल घेऊन संदर्भसूची केली आहे त्याच्यावरच पटकन बसतो. माझ्या प्रबंधाची तिसरी आणि चौथी प्रकरणं मी या शनिवारांत लिहिली.

आता थोडं नियमांबद्दल, कारण ते आम्हाला एकमेकांकडूनच कळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार संशोधक स्त्रीला संपूर्ण पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा देता येते. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. एकूण दहापेक्षा जास्त नाही. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे आणि हजेरीत सवलतीचे नियम करा, असं आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं. पण "देता येते" म्हणजे मागावं लागतं, तेही लेखी आणि वेळेत. आमच्यातल्या पहिलीने अर्ज केला तेव्हा तो कुठल्या नमुन्यात करायचा हे खिडकीवर कुणी सांगेना. तिने तो स्वतः तयार केला, आवक क्रमांक घेतला आणि त्याची प्रत आम्हा सगळ्यांना दिली. त्यानंतर ती प्रत किती हातांतून फिरली ते मलाही मोजता येणार नाही.

नोकरदार स्त्रीला प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते. फेलोशिपवरची, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीवरची, संशोधक मात्र कर्मचारी धरली जात नाही. म्हणून पाळणाघराचे पैसे ती फेलोशिपमधूनच भरते, आणि जिला फेलोशिपच नाही ती घरातल्यांकडे मागते. ज्या पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने संसारी आणि विधवा स्त्रियांना शिकता यावं म्हणून सेवासदन उभं राहिलं, तिथे विद्यार्थिनी आई असू शकते हे आज पुन्हा समजावून सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्यातल्या बापाबद्दल बोलायला हवं. त्याची बायको बँकेत, बदलीच्या गावी. मुलगा याच्याकडे. रजेच्या त्या कलमात त्याच्यासाठी एक ओळ नाही. विभागात कुणी विचारायचं, "मुलगा आजारी? मग त्याची आई कुठे आहे?" तो पहिल्यांदा शनिवारी आला तेव्हा दारातच थांबला होता, आपण इथे चालू का अशा चेहऱ्याने. तापात मुलाचं अंग कसं पुसावं, हे पुढे मी त्याच्याकडून शिकले.

एक गोष्ट राहिलेली आहे आणि ती मी टाळणार नाही. आमच्यातली एक गळाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. तिला विश्रांती हवी असेल असं आम्ही धरून चाललो आणि दोन महिने कुणी तिच्या दारात गेलो नाही. गेलो तेव्हा तिने नोंदणी सोडल्याचं पत्र दिलेलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे पुढे गेला असाल असं वाटलं." तिच्या फळीवर मुलाखतींच्या अकरा वह्या होत्या, व्यवस्थित कव्हर घातलेल्या. तेव्हापासून आम्ही ठरवलं, सलग दोन शनिवार कुणी आलं नाही तर तिसरा शनिवार तिच्या घरी भरवायचा, तिला न विचारता. याने आम्ही पुढे दोघींना धरून ठेवू शकलो. तिला नाही.

माझा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी शाळेत जाते. पण ज्या बाईने त्या दिवशी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, तिची मुलं मोठी झाली. तिला आता माझी गरज नाही, म्हणून माझी पाळी नव्यांकडे वळली आहे. येत्या शनिवारी गट माझ्या घरी आहे. एका मुलीचं सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा गोषवारा, सोमवारी द्यायचं आहे आणि तिचा बाळ पाच महिन्यांचा आहे. अनोळखी खांद्यावर तो फार रडतो, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. मी तिला म्हटलं, दार लावून बस, मी आहे.

नमस्कार.