तुटण्याआधी तडा असतो

मंडळी, एखादा भाग तुटला की आपण लगेच विचारतो, ‘लोड जास्त झाला का?’ माझा आग्रह आहे की त्याच्या आधी दुसरंच विचारावं: त्यात तडा होता का, आणि केवढा होता?

अणूंमधल्या बंधांचा हिशेब मांडला, तर काच किंवा पोलाद प्रत्यक्षात तुटतं त्याच्या कितीतरी पट ताण त्यांनी सोसायला हवा. मग इतक्या लवकर का तुटतात? ब्रिटिश अभियंते इंग्लिस यांनी १९१३ साली गणितानं दाखवलं की ताणलेल्या प्लेटला गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबवर्तुळाकार असेल, ओढीला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब, तर त्याच्या टोकाशी तो २१ पट होतो. तड्याचं टोक तर याहून कितीतरी अणकुचीदार.

ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी काचेचे धागे ओढून पाहिले आणि १९२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १ मिलिमीटर जाडीचा धागा सुमारे १७० मेगापास्कलला (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) तुटला. ३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजारांशांच्या आसपासचा तब्बल ३,४०० ला. काच तीच, पण बारीक धाग्यात मोठा तडा असायला जागाच नाही. याहून मोलाचा त्यांचा ऊर्जेचा विचार. तडा सरकला की ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा मोकळी होते, आणि नवा पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा खर्च होते. मोकळी होणारी ऊर्जा या खर्चाच्या वर गेली की तडा आपसूक धावतो. काचेसारख्या ठिसूळ पदार्थात तडा चौपट लांब असला, की वस्तू निम्म्या ताणाला तुटते.

धातूत हा खर्च फार मोठा असतो, कारण तड्याच्या टोकाजवळचं पोलाद आधी वाकतं, ओढलं जातं. हाच चिवटपणा. मजबुती वेगळी, चिवटपणा वेगळा, आणि पोलाद जास्त मजबूत करत गेलं की बहुधा चिवटपणा घटतो. तुम्हा विद्यार्थ्यांनी आज एवढं जरी मनात पक्कं केलं तरी मला समाधान आहे.

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या बंदरात ‘शेनेक्टेडी’ हा कोरा करकरीत टँकर धक्क्याशी उभ्या-उभ्या दुभंगला. पाणी शांत, हवा गोठणबिंदूच्या खाली. त्या काळात घाईघाईनं बांधलेल्या अनेक जहाजांना असेच तडे गेले. दोष वेल्डिंगवर आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. वेल्डिंगचा वाटा वेगळा होता: रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा प्लेटच्या कडेला थांबायचा, वेल्ड केलेल्या जहाजात त्याला पुढे मोकळा रस्ता. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांत बरेच तडे हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडाच्या, चौकोनी कोपऱ्यांतून निघाले होते.

गोव्यात ती थंडी नाही. आपल्याकडे खारी हवा आहे, आणि पुन्हा पुन्हा येणारा ताण. खनिजाची बार्ज आमोण्याला भरते, मुरगावला रिकामी होते. प्रत्येक फेरीत तळाच्या प्लेटा एकदा ताणल्या जातात, एकदा सैल होतात. गंजाच्या खड्ड्यातून केसाएवढा तडा सुरू होतो आणि फेरीगणिक कणाकणानं वाढतो. याला फटीग म्हणतात. तुटलेला तुकडा उन्हात धरून बघा: ओहोटीला मिरामारच्या वाळूवर उमटतात तशा वक्र रेषा दिसतील. त्या जिथून सुरू होतात तिथे तड्याचा जन्म.

मांडवीचा जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. पुढे कितीतरी वर्षं लोकांनी फेरीबोटीनं नदी ओलांडली. काँक्रीटमधल्या ताणलेल्या केबल गंजल्या होत्या. अशा केबलचं पोलाद अतिशय मजबूत, आणि म्हणूनच बारीकशा खड्ड्यालाही ते फार हळवं.

जेटीवर काम करणाऱ्यांसाठी थोडं. तड्याच्या टोकाला ड्रिलनं भोक पाडलं की टोकाची धार बोथट होते आणि थोडा अवधी मिळतो. ती दुरुस्ती नव्हे. तड्यावर नुसता वेल्डिंगचा थर चढवू नका, आधी ग्राइंडरनं तो मुळापासून काढा. आणि त्याचं खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं. जागा स्वच्छ करून लाल डाय मारा, थोडा वेळ मुरू द्या, पुसा, वर पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ जिथे संपेल, भोक तिथे पाडा.