बुक्क्याचा फोटो आणि बारा वाजताचं ऊन

नमस्कार मंडळी, घरात काळं कुत्रं नाहीतर काळी मांजर असेल तर जरा रेडिओचा आवाज वाढवा, कारण आजचं दुखणं तुमचंच आहे. आमच्याकडे बुक्का आहे, गावठी, नावासारखाच काळाकुट्ट. मे महिन्यात अंगणात चुन्याच्या भिंतीपुढे त्याला बसवून भर बारा वाजता वीसेक फोटो काढले आणि आत येऊन बघतो तर भिंत झकास, तुळस झकास, आणि मधोमध कुत्र्याच्या आकाराचं भोक! डोळे नाहीत, नाक नाही, नुसती लाल जीभ लोंबतेय.

होतं काय, की कॅमेऱ्यातल्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, कुत्रं-भिंत काही कळत नाही, समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या छटेवर आणायचं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकते ती छटा, एवढंच त्याला ठाऊक. भिंत पांढरी म्हणून त्याने सगळंच काळोखं केलं, त्यात बुक्का बुडाला. दुसऱ्या दिवशी म्हटलं जवळून काढू, तर फ्रेमभर नुसता काळा रंग बघून मीटरने उजेड इतका वाढवला की बुक्का राख फासलेल्या गोसाव्यासारखा दिसायला लागला.

म्हणजे मागे पांढरं असेल तर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) प्लसमध्ये, कुत्र्यानेच फ्रेम भरली असेल तर मायनसमध्ये, सुरुवातीला एकेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) करून बघा. मोबाइलच्या पडद्यावर कुत्र्याच्या तोंडावर बोट दाबून धरायचं आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर-खाली सरकवायचं, बहुतेक फोनमध्ये असतं. मागची भिंत पांढरीफटक होईल, होऊ दे, आपल्याला काय भिंतीचा फोटो फ्रेम करायचाय?

खरं सांगू का, दुपारच्या उन्हाशी कुस्ती करूच नका. चकचकीत केसांवर ऊन पडलं की वरचे केस पांढरे चमकतात, खालचे काळेच राहतात, मध्ये काही उरतच नाही. (आणि डांबरी रस्त्यावर तर दुपारी नेऊच नका बाबा, पाय भाजतात त्यांचे.) पडवीत बसवा, तोंड अंगणाकडे, तिथला उजेड मऊ असतो आणि डोळ्यांत छान पांढरा ठिपका येतो, बिस्कीट दाखवलं तर मानही वळते.

परवा तसाच एक फोटो काढला आणि मोठा करून बघितला, तर बुक्क्याच्या हनुवटीखाली चार पांढरे केस. घरात कुणाच्याच लक्षात आले नव्हते.