डोकं विमानात, तोंड शंभर मीटर मागे

[दृश्य: टायफून, उजव्या पंखाचं टोक, जवळून]

पंखाच्या टोकाला ही लांबट नळी दिसते, तिला पॉड म्हणतात. ब्रिटिश हवाई दलाच्या टायफून या लढाऊ विमानाला दोन्ही पंखांवर एकेक असते. आत शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे अँटेना असतात. उजव्या पॉडच्या मागच्या भागात मात्र डिकॉय, म्हणजे क्षेपणास्त्राला फसवणारी खोटी लक्ष्यं, लपलेले असतात. वेळ आली की त्यातला एक बाहेर पडतो आणि सुमारे १०० मीटर लांब केवलारच्या दोरीला बांधलेला, विमानामागून ओढला जातो. क्षेपणास्त्रानं विमान सोडून आपल्या अंगावर यावं, एवढीच त्याची नोकरी.

[जुनी चित्रफीत: बी-१बी बॉम्बफेकी विमान]

कल्पना नवी नाही. १९९९ च्या कोसोव्हो युद्धात अमेरिकेच्या बी-१बी विमानांमागे एएलई-५० नावाचे डिकॉय असायचे. रडारची लहर आली की तीच मोठी करून परत सोडायची, असं साधं काम. काही क्षेपणास्त्रं त्यांच्यावर गेली, विमानं तळावर परतली. त्या विमानांनी खाली काय टाकलं, तो वेगळा विषय.

नुसत्या पडसादानं प्रत्येक रडार फसत नाही. फसवी लहर नीट रचावी लागते. त्यासाठी लागणारी यंत्रणा मोठी, ती विमानातच राहणार. लहर बाहेर पडायची मात्र मागच्या डिकॉयमधून. मग मधल्या दोरीतून ती न्यायची कशी?

[दृश्य: टेबलावर सोललेली कोॲक्स केबल]

तांब्याच्या तारेतून? करून बघा हिशेब. रडारची लहर १० गिगाहर्ट्झच्या आसपासची धरली, तर अशा बारीक केबलमध्ये साधारण दर ३ मीटरला लहरीची ताकद निम्मी होते. १०० मीटरमध्ये ३३ वेळा निम्मी. म्हणजे पलीकडे पोचणार ८ अब्जांतला एखादा भाग! जाड केबल घेतली तर घट कमी होते, पण ती दोरीत मावणार कुठे आणि वजन उचलणार कोण?

[दृश्य: काचेचा धागा, बोटाभोवती सैल वेटोळं]

म्हणून हा काचेचा धागा. लेझरच्या प्रकाशावर रेडिओ लहर चढवतात. लहर वर गेली की प्रकाश वाढतो, खाली आली की मंदावतो. घरच्या इंटरनेटच्या फायबरमधून शून्य आणि एक धावतात, इथे लहर जशीच्या तशी जाते. डिकॉयमधल्या फोटोडायोडवर प्रकाश पडला की त्याची पुन्हा वीज होते, मग ॲम्प्लिफायर, मग अँटेना. १०० मीटरच्या काचेत घट जवळपास नाहीच. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करताना मात्र बरीच होते, ती ॲम्प्लिफायरनं भरून काढावी लागते. शेजारी विमानाचं स्वतःचं रडार कितीही गरजत असलं, तरी काचेच्या आतल्या प्रकाशाला त्याचा पत्ता नसतो.

तांब्याला अजून सुट्टी नाही. डिकॉयला लागणारी वीज त्याच दोरीतल्या वेगळ्या तारेतून जाते. आणि तो प्रकाश या चित्रीकरणात शोधू नका. असल्या जोडणीत सहसा १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर असतो, डोळ्यांना न दिसणारा. म्हणूनच चालू फायबरच्या टोकात डोकवायचं नसतं.

[दृश्य: मायक्रोस्कोपचा पडदा, कनेक्टरचं टोक]

आता इथे जरा थांबू. हे कनेक्टरचं, म्हणजे जिथे फायबर जोडतात त्या भागाचं, टोक. मधला ठिपका म्हणजे काचेचा गाभा, जेमतेम ९ मायक्रॉनचा. केस याच्या सात-आठ पट जाड. डावीकडून आत आलेला हा काळा कण धुळीचा आहे. तो गाभ्यावर बसला की प्रकाश अडतो. तसाच दाबून कनेक्टर जोडला तर काचेवर चरा पडतो, आणि चरा पुसून जात नाही.

[दृश्य: तंत्रज्ञाचे हात]

पायलटच्या मुलाखती पुष्कळ होतात, या हातांच्या होत नाहीत. धूळ पुसायला कोरडी, धागे न सुटणारी काडी. टोकावर टेकवायची, हलकेच एकदा फिरवायची, टाकून द्यायची. तीच काडी दुसऱ्या टोकाला लावायची नाही. मग पुन्हा मायक्रोस्कोप. पडदा स्वच्छ दिसला तरच जोडायचं, नाहीतर नवी काडी.