मलम आजीलाही लावायचंय

नमस्कार मंडळी, सिस्टर बोलतेय, लहान मुलांच्या वॉर्डातली. आज खरजेबद्दल बोलू. नाव काढलं की लगेच ऐकायला मिळतं, आमच्या घरात नाही हो असलं काही, आम्ही स्वच्छ राहतो. अहो, त्या किड्याला स्वच्छतेचं काय, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो तो, कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि एका गोधडीत झोपलं की पसरतो.

एक आई पोराला तिसऱ्यांदा घेऊन आली, म्हणाली मलमात दम नाही. विचारलं तर मलम फक्त पोराला लावलेलं, आणि पोरगं रोज झोपायचं आजीच्या कुशीत! आजीला खाज नव्हती म्हणून तिला लावलंच नाही. पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला 4 ते 6 आठवडे जातात, तोवर माणूस बिनघोर सगळ्यांना वाटत बसतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री.

डॉक्टर बहुतेक 5 टक्के परमेथ्रिनचं क्रीम देतात. खाजतं तिथेच नाही, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, बेंबीत, कापलेल्या नखांखाली, आणि सकाळी अंघोळ. रात्री हात धुतले तर हातांना परत. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ह्यांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे-तोंड सोडून, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी काहीच करू नका.

दुसऱ्या सकाळी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका. धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, अंगावेगळा किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. घरभर औषध फवारायची गरज नाही.

किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहते, तेव्हा घाबरून रोज मलम चोपडू नका, आणि मेडिकलवाल्याने दिलेली ती स्टेरॉइडची ट्यूब तर नकोच, वरवर बरं वाटतं, आत किडा मजेत. पुळ्यांत पू झाला, ताप आला तर दाखवा. चेहरा सुजला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी, कारण पिकलेल्या खरजेतून किडनीला त्रास होऊ शकतो.

शाळेचं विचारता ना? रात्री मलम लावलं, सकाळी अंघोळ झाली, की पाठवा खुशाल.