टेबलाचे पाय

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं. मागची खोली अडगळीची होती. ती रिकामी केली, रंग दिला आणि मोठ्या हौसेनं तिथे शाळा मांडली. फळा, टेबल-खुर्ची, भिंतीवर वेळापत्रक. चार दिवसांत मुलगी दाराशीच अडून बसायला लागली.

कारण कळायला मला दोन आठवडे लागले. टेबल आमचं जुनं जेवणाचं, अडीच फूट उंच. खुर्चीवर बसली की तिचे पाय अधांतरी लोंबायचे आणि वहीवर हात ठेवायला खांदे वर उचलावे लागायचे. दहा मिनिटांत चुळबुळ सुरू व्हायची. मी म्हणायचे, ‘लक्ष कुठंय तुझं?’ दुसरं म्हणजे ती डावखुरी. उजेड डावीकडून यावा, असं आपल्याला शाळेत सांगितलेलं, म्हणून मी खिडकी तिच्या डाव्या हाताला घेतली होती. त्यामुळे हाताची सावली नेमकी लिहित्या अक्षरावर पडायची. मान तिरकी करून ते पोर सावलीत अक्षर शोधत होतं, आणि मी तिला सरळ बस म्हणून ओरडत होते. एकदा तिच्या जागी बसून डाव्या हातात पेन्सिल धरली, तेव्हा मला हे दिसलं. आज घरी गेलात की तुम्हीही मुलाच्या जागी पाच मिनिटं बसून बघा.

सुताराला बोलावून टेबल २१ इंचांवर आणलं, बसायला १२ इंचांचं स्टूल केलं. तुमच्या मुलाचं माप वेगळं असेल. तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि कोपर टेबलाच्या पातळीला यावं, एवढं बघायचं.

मुलाच्या मापाची हीच गोष्ट साहित्यालाही लागू. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथे शिकायचं साहित्य कुलपात असायचं. एकदा शिक्षिका कुलूप लावायला विसरली, तर मुलांनी आपल्याला हवं ते काढून कामाला सुरुवातही केली होती. तेव्हापासून तिथे मुलांच्या हाताशी येतील अशी बुटकी कपाटं आली. आपल्याकडे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर पालघरजवळच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागडं साहित्य बाजूला ठेवलं. शिंपले, बिया, पानं, खडे, जे गावात मिळतं ते घेतलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. हे आपल्या इतक्या जवळ घडलेलं असताना खोलीसाठी हजारो रुपये खर्च करायला निघालेले पालक भेटले, की मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या खालच्या फळीवर चिंचोके आहेत, तागडी, वजनं, दोरी आणि मोजपट्टी. वजनं वाण्याकडची जुनी. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करताना तिला हातचा समजला. त्याआधी वहीवर महिनाभर समजत नव्हता. खोलीचं दार उघडं असतं, आणि पोळ्या लाटायची वेळ झाली की ती ओट्याशीही असते.

कागदपत्रांची काळजी सगळ्यांनाच असते, म्हणून थोडक्यात सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला प्रवेश मिळतो. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, त्याच्या अटी मात्र आधी नीट वाचा. सात वर्षांच्या मुलासाठी त्याची आज धास्ती घेऊ नका.

टेबलाच्या पायांचे कापलेले तुकडे सुताराला मी टाकू दिले नाहीत. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात त्यातले दोन-दोन इंच कापून त्यानं पुन्हा खाली जोडून दिले. उरलेले माळ्यावर आहेत.